सुधारलेल्या मुलीचा सत्कार

नववीत असताना मी डोंबिवलीतल्या एका दुकानातून ओढणी चोरलेली. सोबत माझी वर्गमैत्रीण होती, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. दुकानदार आमच्याकडे वळला तशी मी ओढणी तिच्या दप्तरात कोंबली. तिला पत्ताही नव्हता. दप्तर उघडल्यावर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं नाही.

दोघींना चौकीवर नेलं. प्रोबेशन ऑफिसर बाई भल्या होत्या. पहिलाच गुन्हा, शाळकरी मुली, म्हणून सुधारगृहात न पाठवता सहा महिने दर शनिवारी एका महिला मंडळाच्या शिवणवर्गात जायचं ठरलं. मी तिथे कंटाळत टाके घालायचे. ती मात्र जीव ओतून शिकली. तिची काजं शिवणाच्या बाई इतर मुलींना दाखवायच्या. पण वर्ग सुटताना पिशवी तिचीच तपासली जायची, माझी कधीच नाही. "तुझे बाबा बँकेत ना गं?" एवढंच मला विचारायच्या.

सहा महिने संपल्यावर मंडळाने हळदीकुंकवाला आमचा सत्कार ठेवला. बाबा अध्यक्षीणबाईंच्या घरी गेले. "उद्या मुलीचं लग्न करायचंय आम्हाला," म्हणाले. माझं नाव गळलं. तिच्यासाठी बोलायला कुणी गेलं नाही. तिला स्टेजवर बोलावून, नावानिशी, "चोरीची वाट सोडून परत आलेली आपली मुलगी" म्हणत नारळ दिला. समोर आमच्या शाळेच्या दोन बाई बसलेल्या. मी आईशेजारी होते. टाळ्या मीही वाजवल्या.

सोमवारपासून तिच्या बाकावर कुणी बसेना. कुणाचं पेन हरवलं की आधी तिचं दप्तर उलटं व्हायचं. वार्षिक परीक्षेला ती आलीच नाही.

लग्नानंतर मी कल्याणला आले. तिथल्या मासळीबाजारात ती दिसली, पुढ्यात पापलेटं मांडून बसलेली. तिने मला लगेच ओळखलं.

"ओढणी मी टाकलेली तुझ्या दप्तरात," मी कसंबसं म्हणाले.

"मना ठाव हाय. तवाच ठाव व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून कोन आयकनार व्हतं माजं?" तिने पापलेटांवर पाणी शिंपडलं. "घेनार नसशील तं बाजूला व्हो. गिऱ्हाईक थांबलंय."

मी बाजूला झाले. त्या बाजारात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मासे आता नवरा आणतो.