पहिली बाजू त्याच्या घरी

नवीन कॅसेट एकट्याने ऐकायची नाही, हा माझा आणि शेजारच्या मित्राचा नियम होता. कॅसेट दोघांत मिळून घ्यायची. पहिली बाजू त्याच्या घरी, दुसरी माझ्या. मध्ये फक्त एक बुटका दगडी गडगा, तो ओलांडला की झालं. पॉप म्हणू नका, गझल म्हणू नका, कव्वाली म्हणू नका, रत्नागिरीच्या स्टँडजवळच्या दुकानात मुंबईहून नवा माल उतरला की आम्ही हजर. गझलेतलं त्याला ओ की ठो कळत नसे, तरी माझ्यासाठी बिचारा मान डोलवायचा.

दोन हजार सालाच्या आसपास तो काविळीने गेला. त्याने दुकानात सांगून ठेवलेला पॉपचा अल्बम आला तेव्हा तो नव्हता. दुकानदाराने कॅसेट माझ्या हातात दिली.

तेरावं व्हायचं होतं. वाडीत कुणी रेडिओसुद्धा लावत नव्हतं. मला मात्र राहवेना. पहिली बाजू त्याची, म्हणून मी दुसरीच लावली, अगदी बारीक आवाजात, टेपला कान लावून. पहिल्याच गाण्याला माझ्या पायाने ठेका धरला आणि मला माझीच किळस आली. वर पाहिलं तर त्याची आई गडग्यापाशी उभी. मी घाईघाईने टेप बंद केला.

"त्यानं सांगितलेली हीच ना?"

"हो, काकी. चुकलं माझं."

"पयली बाजू ऐकलीस?"

"नाही."

"मग घेऊन ये इकडं."

त्याच्या टेपवर तिने फडकं टाकून ठेवलं होतं. ते काढून तिने स्वतःच कॅसेट घातली आणि भिंतीला टेकून बसली. तो हयात असताना ती कधी आमच्यात बसली नव्हती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. बाजू संपून बटण वर आलं, तेव्हा तिने कॅसेट काढून माझ्या हातात दिली.

"आता जा. दुसरी तुज्या घरी ना? मोठ्यानं लाव. मी नेहमी चुलीपाशी बसून ऐकायची."

घरी येऊन मी आवाज होता तेवढा मोठा केला. दोन गाणी झाली असतील, तोच समोरचे आजोबा काठी टेकत अंगणात आले.

"अरे, शेजारी सुतक आहे. लाज वाटत नाही तुला?"

वाटत होती. गाणी मला फार आवडली होती.