कुलर कोणाचा

उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांचा डोळा एकाच गोष्टीवर असतो, बैठकीतल्या कुलरसमोरच्या बाजेवर. कुलर एक, माणसं घरभर. वारा सरळ पडतो तो त्या बाजेवर, बाकीच्यांच्या वाट्याला नुसता आवाज येतो.

यंदा ती बाज कायमची आपली करायची संधी मला इंग्रजीनं दिली. पोरीची परीक्षा तोंडावर आली होती आणि इंग्रजीत कोणाची वस्तू कोणाची हे तिला लिहिता येत नव्हतं. शब्दाच्या शेवटी एस दिसला की ती त्याच्याआधी वर स्वल्पविरामासारखी खूण टांगायची, मग तिथं मालक असो नसो. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतंच, पण शिकवायला बसलो. वह्यांना लावायची लेबलं आणली. सांगितलं, घरातल्या वस्तूंवर ज्याच्या त्याच्या नावाचं लेबल लाव. आधी मालक, मग वर टांगलेला स्वल्पविराम, मग एस. माय, युवर, अवर असेल तर काही टांगायचं नाही.

नमुन्याचं लेबल मीच लिहिलं. फादर्स कुलर. लावलं आणि बाजेवर आडवा झालो.

पोरीनं दुपारपर्यंत आरसा काकूचा केला, मिक्सर मम्मीचा, पानाचा डबा आजीचा. धाकटा भाऊ शेतात हळद शिजवून घामाघूम होऊन आला. त्यानं लेबल वाचलं, मला पाहिलं आणि आवाजाच्या बाजूला जाऊन बसला. शिक्षणात एवढी ताकद असते हे मला तेव्हा कळलं.

थोड्या वेळानं कुलर गरम वाफा टाकायला लागला. पाणी संपलं होतं. मी सवयीनं पडल्यापडल्याच हाक दिली, कोणीतरी पाणी टाका रे. भावजय दारात आली. माझ्याशी ती थेट बोलत नाही, आईला म्हणाली, "आत्याबाई, लेबल कोणाचं हाय म्हणावं?"

आईनं सुपारी कातरता कातरता निकाल दिला. "बापाचा कुलर हाय, बाप भरील."

हौद आमच्या अंगणाच्या पार टोकाला. ऊन असं की चप्पल चिकटावी. मी बादल्या वाहत होतो आणि भाऊ सावलीतून सांगत होता, "दादा, कुलरच्या मागच्या जाळीतलं गवत बी वाळून राहिलं बरं का."

शेवटची बादली ओतून, गवत भिजवून आत आलो, तर गार वारा सुटलेला आणि बाजेवर आई.

मी पोरीला हळूच म्हणालो, लेबल बदल, अवर कुलर लिही.

"काहून बदलायचं?" आई डोळे मिटूनच म्हणाली. "कुलर तुझाच हाय. बाज माझी."

पोरीनं लगेच नवं लेबल लिहून बाजेच्या पायाला चिकटवलं. ग्रँडमदर्स कॉट. मी वाकून पाहिलं. खूण अगदी बराबर जागी टांगली होती. पोरगी पास होणार, यात शंका उरली नाही. मी भावाला थोडं सरकायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी आवाज ऐकत बसलो.