इब्रामपूरचा बिनहाराचा फोटो

उघड्या पेटीतल्या पाटल्या सोडून चोराने भिंतीवरचा फोटो तेवढा नेला, अशी फिर्याद मी नोकरीत एकदाच ऐकली. तेव्हा मी पेडणे ठाण्यात महिला हवालदार होते.

फिर्यादी इब्रामपूरची, साठी उलटलेली बाई. फोटो तिच्या नवऱ्याचा, पलटणीच्या गणवेशातला कोवळा अधिकारी. लढाईतून तो धड परतला, पण त्याच्या हाताखालची इकडची पोरं परतली नाहीत. त्यांच्या आया रोज दारात येऊन बसायच्या. एका सकाळी तो घरातून गेला तो गेलाच. बाईने कुंकू पुसलं नाही, फोटोला हार घातला नाही.

पंचनाम्यात छपराची कौलं सरकवलेली दिसली. बाई देवळात गेली होती. शेजाऱ्याने खबर दिली की त्या वेळी रस्त्याला खनिजाचा ट्रक उभा होता. इब्रामपुरात खाण नाही.

मला चैन पडेना. म्हाताऱ्या माणसाचा फोटो कोणाला घाईने लागतो? तो मेला असेल तरच. मेलेल्याच्या फोटोला हार लागतो, आणि खाणी डिचोलीकडे; म्हणून मी डिचोलीच्या बाजारात गेले. मोठा हार मागितला की तिथली फुलवाली आधी विचारते, "देवाक व्हयो काय फोटोक?" देवासाठी काढलेली फुलं ती मेलेल्याला देत नाही. तिला आठवलं, "पाळीचो ट्रकवालो. फोटोक म्हणालो."

पाळी या खाणीच्या गावी ट्रकवाल्याच्या खोलीत फोटो मिळाला, हारासकट. त्याला ठाण्यात आणला.

"चोरूक नाय बाय, उसनो हाडलंय. बाराव्यानंतर परत दितलंय."

"उसनं मागायला कौल काढून येतात होय रे?"

"दारान येवन काय सांगतलंय? तुमचो घोव गेलो म्हणून? तिच्या कपाळाक कुंकू आसा!"

मग तो बोलू लागला. म्हातारा पाळीत त्याच्या शेजारी राहायचा, आयुष्यभर ट्रक चालवायचा. "पण क्लीनर कधी घेतल्यान नाय. दुसऱ्याचो जीव परत माझ्या हातात नको म्हणायचो." आपला एकच फोटो आहे आणि तो इब्रामपुरात आहे, हे त्याने मरताना सांगितलं होतं.

आमच्या साहेबांचं म्हणणं, फोटो परत द्या, बाईला बाकी सांगू नका. मी गेले आणि सांगितलं.

ती म्हणाली, "पाळीत? इतकी वर्सां? दोन बस बदलून मी गेलंय असतंय!" आणि चप्पल शोधू लागली.

फिर्याद मागे घेऊन तिने फोटो बाराव्यापर्यंत ट्रकवाल्याकडेच राहू दिला. बाराव्याला मीच तिला पाळीला नेलं. भटजी बसलेले, पानं मांडलेली. ती सरळ फोटोपुढे जाऊन उभी राहिली.

"हार काढा. आधी माका त्याच्याशी झगडूक व्हया."

ट्रकवाल्याने हार काढला. ती भांडली. भटजी थांबले.

त्यानंतर मरणाची खबर द्यायची असली की मी ती दारात उभी राहून, दोन वाक्यांत दिली. पुढे रडायचं की भांडायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.