घरगुती की धंद्याचा

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, वीज खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरच्या मीटरवर पिठाची चक्की चालवणारे त्यांनी लाखांदूरच्या भागात आयुष्यभर पकडले. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच जाती: घरगुती आणि धंद्याची. गॅसचं सिलिंडरसुद्धा लाल निराळं, निळं निराळं.

मी नाटकांची पोस्टरं बनवते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटक होतं, आणि प्रत्येक मंडळाला पोस्टर कालच हवं असतं. लॅपटॉप नवऱ्यानं सिनेमे पाहायला घेतलेला. तो मांडीवर घेऊन मी स्वयंपाकघरात कुकरशेजारी बसायची, कारण पुढच्या खोलीत मामाजी असतात, आणि त्यांच्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही अशी घरची रीत. याला घरात कोणी काम म्हणत नसे. ‘तिचं ते लॅपटॉपवरचं’ म्हणत.

ऐन मंडईच्या दिवसांत लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाला घरी येऊन म्हणाला, "ताई, हा होम मॉडेल आहे. याच्यावर धंदा नाही होत."

मामाजींनी तेवढंच ऐकलं.

"घरगुती डब्ब्यावर धंदा? जिंदगीभर लोकायले दंड मारलो, न माया घरातच हे? बंद कर!"

"मामाजी, लॅपटॉपले मीटर नाही राहत."

"मंग त्याले घरगुती कायले म्हनते?"

हसावं की रडावं कळेना. पोस्टरं अडकली होती, आणि मंडळवाल्यांना एकदा नाही म्हटलं की ते सरळ वडशाच्या पोस्टरवाल्यांकडे जातात, परत फिरकत नाहीत. माझं जे काही होतं, ते तिथंच संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी ‘नेमात बसवू’ म्हणत मामाजीच मला नवा लॅपटॉप घ्यायला एसटीनं भंडाऱ्याला घेऊन गेले. दुकानदारानं दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक चकचकीत, होम. दुसरा काळा, जाड, प्रोफेशनल. आत वेगळं काय, मी विचारलं.

"आत सेमच समजा."

मग हा महाग का? "तो प्रोफेशनल आहे ना." मजबूत आहे का? "तसे दोन्ही मजबूत." तापतो का? "तापतात तर दोन्ही." विचारून विचारून मी जिथं होते तिथंच.

शेवटी त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मामाजींना म्हणाला, "काका, ताई घरीच असतात ना? होमवाला पुरते त्यायले."

मला संताप आला. पण मी घरीच असते, हे खरंच होतं.

"मीटर मानूस पाहून नाही बसवत," मामाजी म्हणाले, "वापर पाहून बसवते. हिचा धंदा आहे. काळा दे."

घरी आल्यावर मी तो काळा लॅपटॉप घेऊन सवयीनं स्वयंपाकघराकडे वळले.

"तिकडं काहून? धंदा पुढच्या खोलीत राहते." आणि त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

त्या दोन लॅपटॉपांत फरक काय, ते मला अजूनही कळलेलं नाही. तेव्हा तर बसावं की नाही, हेही कळत नव्हतं. मामाजी उभेच होते. मी बसले.