सोवळ्यातला जंत

मला पहिली फिट आली तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांना कळायला आठवडाही लागला नाही. त्यांनी अत्यंत नम्रपणे साखरपुड्याची साडी परत मागितली.

स्कॅनमध्ये मेंदूत लहानशी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "ही जंताची गाठ आहे. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत वाढतो."

वडील ताठ झाले. "अहो, आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही."

"हिने खाल्लं असं मी म्हणत नाही. ज्याच्या पोटात जंत आहे, त्याच्या हातांवरून अंडी दुसऱ्याच्या खाण्यात जातात. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या."

वडिलांनी तपासणीची वाट पाहिली नाही. घरी येताच स्वयंपाकाच्या बाईंना काढून टाकलं. त्या येरवड्याच्या वस्तीतून यायच्या, एवढा पुरावा त्यांना पुरला. बाई म्हणाल्या, "माझीपण तपासणी करा की." वडील म्हणाले, "गरज नाही."

आईचा आणि माझा रिपोर्ट स्वच्छ आला. अंडी सापडली ती वडिलांच्या तपासणीत. "लॅब चुकली असेल," ते म्हणाले. दुसऱ्या लॅबनेही तेच सांगितलं.

"कुठे खात होता?" आईने विचारलं.

"ऑफिसातले काहीजण बसायचो. कधीतरी."

"श्रावणातही?"

ते रिपोर्टची घडी घालू लागले.

डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. तीन महिने झाल्यावर वडील टाळाटाळ करू लागले. "औषध घेतलं ना, विषय संपला." आईने त्यांचं ताट मांडणंच बंद केलं. "आधी रिपोर्ट आणा, मग जेवा." काही दिवस खानावळीत काढून ते शेवटी तपासणीला गेले. रिपोर्ट स्वच्छ आला, तेव्हा पेढे घेऊन आले. आम्ही दोघींनी पुडा उघडलाही नाही.

बाईंना परत बोलवा म्हटलं, तर म्हणाले, "आता कोणत्या तोंडाने?" मग मीच त्यांच्या घरी गेले. त्यांना दुसरीकडे काम मिळालं होतं. दारातच त्यांनी विचारलं, "कुणाच्या पोटात निघालं?"

"वडिलांच्या."

त्यांनी फक्त मान हलवली. आत ये म्हणाल्या नाहीत.

माझ्या फिटच्या गोळ्या पुढे कित्येक वर्षं चालल्या. लग्न झालं नाही. कुणी विचारलं की वडील सांगायचे, "कॉलेजबाहेर भेळ खायची ना, त्याने झालं." शेवटपर्यंत हेच सांगत राहिले, माझ्यासमोरसुद्धा.