घरची हळद

सांगलीत आमचं हळदीचं दुकान आणि मागे हळकुंडं पॉलिश करायचं, दळायचं यंत्र. वडील होते तोवर एक रीत होती. नवा माल दळला की पहिली ओंजळ आमच्या स्वयंपाकघरात यायची. आई तीच हळद घालून आमटी करायची, वडील जेवायचे आणि मगच पोती शिवली जायची. कुणी तपासायला येवो न येवो. कुणी हसलंच तर ते म्हणायचे, "जनाची नाही तर मनाची तरी." मला लहानपणी तो उगाच सोपस्कार वाटायचा. आमटी तर रोज तशीच लागायची.

वडील गेले, गादीवर धाकटा भाऊ बसला. मी तोवर लग्न होऊन साताऱ्याला आले होते. तो दर वर्षी मला हळदीचा डबा पाठवतो आणि त्यावर स्वतः लिहितो, 'घरची'. माहेरची माया म्हणून मी तो शब्द शेजारणींपुढे मिरवायचे.

यंदा डबा लवकर संपला. मुलगी अजून लहान, पहिलीतली. तिचा खोकला हटेना. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले तर भावाच्याच दुकानाचं पाकीट दिसलं. काय ऊर भरून आला! आमचीच आहे, असं वाण्यालाही सांगून टाकलं. मग हिवाळाभर रोज हळद-दूध. पोरगी नाक मुरडून दोन घोट घ्यायची आणि विचारायची, "गेला का खोकला?" मी म्हणायचे, "पी हळद अन् हो गोरी, असं नसतं बाई!"

एका संध्याकाळी दूध गॅसवर असतानाच भावाचा फोन आला. भाचीच्या खोकल्याचं विचारलं. हळद-दूध चालू आहे म्हटलं.

"घरचीच न्हवं?"

"ती कवाच संपली. तुझंच पाकीट आणतीय वाण्याकडनं."

तो हळूच म्हणाला, "आक्का, ती देऊ नगंस तिला."

मी गॅस बंद केला. "का रं?"

"पॉलिशला रंग मारत्यात सगळीच. त्याबिगर माल उठत न्हाई."

दूध मोरीत ओतलं. वडिलांच्या वेळी आमच्याकडे 'घरची हळद' असा शब्दच नव्हता. हळद म्हणजे हळद. एक वेगळी काढायला लागल्यावरच तिला नाव द्यावं लागलं, आणि ते नाव मी इतकी वर्षं कौतुकानं वाचत होते.

डॉक्टर म्हणाले, असल्या रंगात शिसं असू शकतं, मुलांच्या मेंदूला ते वाईट. रक्त घेऊन पुण्याला पाठवलं. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरगी पाढ्यात अडखळली की मी पुस्तक मिटून टाकायचे. एरवी रागावले असते. तिनं चप्पल उलटी घातली, एखादं नाव विसरली, पोट दुखतंय म्हणाली, की मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. नवरा म्हणायचा, रिपोर्ट येऊ दे. त्या रिपोर्टचीच तर भीती होती.

भाऊ सांगलीहून आला. हातात नवा डबा. तो बसलेला असतानाच डॉक्टरांचा फोन आला. शिसं होतं, असायला नको तेवढं. आता बंद केलंय तर उतरेल, काही महिन्यांनी परत तपासू, म्हणाले. "पण व्हायचं ते होऊन गेलं असेल तर?" मी विचारलं. ते आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाले.

भावाचे डोळे भरून आले. त्याचा भाचीवर जीव आहे, ते खोटं नव्हतं.

"तुमच्यावर नजर ठेवणारं कुणी न्हाई का रं?"

"हाय की. व्यापाऱ्यांची समिती केलीया. भायेरचा साहेब कशाला पायजे? आमचं आमीच बघतो."

"मग आजवर कुणाला धरलं?"

"आमच्या आमच्यात कुणाला धरायचं, आक्का?"

हे तो अगदी सरळ मनानं बोलला. कुंपणच शेत खात होतं आणि हा कुंपण आहे म्हणून निर्धास्त! समोरच्या घरातली बाळंतीण त्याच वाण्याकडून हळद नेते, हे मला आठवलं. तिला कुठला भाऊ डबा पाठवणार?

"मी तक्रार करणार," मी म्हटलं.

त्यानं माझा हात हातात घेतला. "कर की. कुठंबी केलीस तरी फिरून समितीकडंच येती. आन् यंदा समितीवर मीच हाय. तू घाबरू नगंस."

तो धमकी देत नव्हता. मला धीर देत होता. मी हात सोडवून घेतला आणि मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेले, कडी लावली.