सोलणाऱ्याचं पान

आमच्या आळीत एक जुना नियम आहे. वालाचं बिरडं सोलायला जो हात लावील, त्याचं पान त्या घरी मांडायचं. हा नियम कुणी केला ते माहीत नाही. ज्याची कणगी भरलेली होती अशाच कुणी केला असणार. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल हातात राहते आणि डाळिंबी ताटात उडी मारते. एकट्यानं बसून हे काम केलं तर माणूस संन्यास घेईल. म्हणून चार जण बसतात, गप्पा होतात आणि शेवटी सगळेच जेवतात.

मी ज्या कारखान्यात होतो तो बंद पडला, त्या वर्षीची ही गोष्ट. भात शेतातला होता, त्यामुळे तांदळाची ददात नव्हती. बाकी सगळ्याची होती. भातकापणीनंतर पेरलेल्या वालांवर कीड पडली होती आणि मडक्याच्या तळाशी आदल्या वर्षीचे थोडे उरले होते. बायको तेलाची पळी अशी वाकडी करायची, की आपण सांडलो हे तेलालाही कळू नये. एक नारळ फोडला की आठवडाभर पुरवायची. गॅस चहापुरता, बाकी स्वयंपाक मागच्या दारच्या चुलीवर. तरी तिच्या हातचं जेवण कधी गरीब लागलं नाही. मला याचं नवल वाटे, तिला वाटत नसे.

तिनं डबे करायचं ठरवलं. कुंभिवलीकडच्या एका कंपनीला मजूर पुरवणारा ठेकेदार होता, मूळचा आमच्याच पट्ट्यातला. तो म्हणाला, "आधी जेवून बघतो. पसंत पडलं तर माझ्या माणसांचे डबे तुमच्याकडं." ते डबे मिळाले तर घर उभं राहणार होतं, नाही तर बायकोनं दुसऱ्याच्या शेतावर जायचं होतं. तिनं मडकं उलटं केलं आणि होते नव्हते ते वाल भिजत घातले. हिशेब सरळ होता: ठेकेदाराला पोटभर, आम्हा दोघांना चवीपुरतं.

"आज दार लावून सोलायचं," ठेकेदार जेवायला येणार त्या दिवशी ती म्हणाली. "आन् तुमी तोंड उघडायचं नाय."

"का गं?"

"तुमी बोलाय लागलं का आळी गोळा होते. गोळा झाली का सोलते. सोललं का जेवते."

मी पुढचं दार लावून घेतलं. मागचं दार चुलीमुळे उघडंच होतं. त्यातून शेजारची काकी कढीपत्ता मागायला आली. मला ताटासमोर मुकाट बसलेला पाहून तिनं विचारलं, "का रं, बरं नाय का? डॉक्टरला दाखवलंस का?" एवढ्यावर गप्प बसणं मला शक्य नव्हतं. प्रकृती ठीक असल्याचा पुरावा म्हणून मी वरातीची गोष्ट काढली.

गोष्ट अशी, की खालापूरला निघालेली एक वरात टेंपोच्या ड्रायव्हरच्या कृपेनं एक्स्प्रेसवेवर चढली. नवरी इकडे मांडवात, नवरदेव तिकडे टोलनाक्यात, आणि घाट चढून गेल्याशिवाय माघारी वळायची सोय नाही. काकी खाली बसली. तिचा हात आपोआप ताटात गेला. थोड्या वेळानं तिची सून तिला शोधत आली आणि तीही बसली. मग समोरचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आले, कारण ड्रायव्हरची चेष्टा त्यांच्या गैरहजेरीत झालेली त्यांना चालत नाही.

बायको चुलीपाशी उभी राहून हे पाहत होती. सोलू नका म्हणणं म्हणजे घरातून जा म्हणणं. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माझ्या घराण्याच्या सगळ्या पिढ्या आल्या.

तेवढ्यात ठेकेदार आला, ठरल्या वेळेच्या बराच आधी.

"या दादा, बसा," बायको म्हणाली.

तो उभाच राहिला. वरात नाक्यावर अडकली होती. "मग?" त्यानं विचारलं, आणि ऐकता ऐकता उकिडवा बसून वाल सोलायला लागला. बोटं इथलीच होती, त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

बायकोनं मला पाणी न्यायला म्हणून चुलीपाशी बोलावलं. "बटाटे टाकलेत. शेवग्याच्या शेंगा टाकल्यात. शिजस्तवर त्यांना खाली उतरू देऊ नका."

"कुणाला?"

"वरातीला. घाटातच ठेवा."

मग मी वरातीला घाटात ठेवलं. नवरदेवाला गाडी लागली. बँजोवाल्यांनी बोगद्यात वाजवायचा हट्ट धरला. करवलीच्या फोनची बॅटरी संपली. "एक्स्प्रेसवेला गाडी थांबवता येत नाय," निवृत्त ड्रायव्हर हरकत घेत राहिले आणि प्रत्येक हरकतीला एक बटाटा मऊ होत गेला. तिकडे ती रस्सा वाढवत होती, इकडे मी गोष्ट.

पानं मांडली. ठेकेदाराच्या ताटात डाळिंब्या होत्या. बाकीच्यांच्या ताटात बटाटा, शेंग, आणि आमसुलाचा वास असलेला भरपूर रस्सा. काकीनं एकदा स्वतःच्या ताटात पाहिलं, एकदा ठेकेदाराच्या.

"मला आपली शेंगच आवडते," ती म्हणाली.

"मला वालानं वात होतो," जन्मभर वाल खाल्लेले ड्रायव्हर म्हणाले.

ठेकेदारानं भाकरीनं ताट पुसून घेतलं. "वैनी, अजून थोडं घाला."

"संपलं," बायको म्हणाली.

मी तोंड उघडणार होतो, तिनं हातानंच गप्प केलं.

"चार माणसं जास्ती आली का संपलं?" ठेकेदार म्हणाला. "माझी माणसं भुकेली येतात. त्यांना असंच सांगाल काय?"

"डबा मोजून भरीन, दादा. त्यात कमी पडायचं नाय. घरात सोलाय बसलेल्याला मोजत नाय आमी. तुमालाबी नाय मोजलं."

तो आपल्या बोटांकडे बघत बसला. नखांत वालाची सालं अडकली होती. मग त्यानं ताटातच हात धुतला आणि म्हणाला, "सोमवारपासनं चालू करा."

सुरुवातीला बायकोनं हौसेनं डब्यात बिरडं दिलं. डबे परत आले तेव्हा वाल तळाशी जसेच्या तसे होते. त्याची माणसं दूरच्या मुलखातली. त्यांना ते कडू लागलं. बटाटा रस्सा द्या, असा निरोप आला. त्या दिवशी पुरवणीला टाकलेल्या बटाट्यावर आता आमचं घर चालतं.

ठेकेदाराचं निराळं आहे. तो वालाच्या हंगामात हटकून सोलायच्या वेळेलाच येतो, मूठभर सोलतो आणि पान मांडून घेतो. त्यामुळे वाल भिजत घालताना बायको एक मूठ जास्त टाकते, पुढचं दार उघडते आणि मला सांगते, "बोला आता."